बैठकीत अनित्य दिसतं, उठल्यावर विरतं: घरकामात आणि नोकरीत सजगता कशी आणायची?

मांडवी, वडोदरा

नमस्कार. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालं आहे आणि सकाळची बैठक नियमित आहे. आसनावर असताना श्वास, अंगावरच्या संवेदना, त्यांचं येणं-जाणं समजतं. आसन गुंडाळलं की सगळं तिथंच राहतं. डबे, मुलांची रिक्षा, ऑफिस, येताना भाजी, परत स्वयंपाक, या धबडग्यात अनित्यतेचं भान औषधालाही सापडत नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं. घरकामात आणि नोकरीत नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं, आणि किती वेळ? मनातल्या मनात "अनित्य, अनित्य" म्हणत राहिलं तर त्याची पोपटपंची होते. मग म्हणावं की सोडून द्यावं? "सगळं जाणारच आहे" हे पक्कं धरलं की कामातला जीव निघून जातो आणि घरच्यांना आपण तुटक वागतोय असं वाटतं. हे बरोबर चाललंय की चुकतंय? आणि शेवटचं म्हणजे संताप. शब्द तोंडून गेल्यावर सजगता येते, आधी का येत नाही?

"वर्तमानात जगा" एवढंच सांगू नका ही विनंती. पद्धत हवी आहे.

पालीचा अभ्यासक, फत्तेगंज

ताई, प्रश्न चार असले तरी त्यांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. जग अनित्य आहे हे कोणाला पटलेलं नसतं? पटूनही काही फरक पडत नाही, कारण आपण एकाही गोष्टीचा शेवट बघत नाही. अनित्यतेचा सगळा अभ्यास शेवट बघण्याचा आहे, आणि तोही बारक्या गोष्टींचा.

अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात, चारचारच्या गटांच्या भागात (चतुक्कनिपात), समाधिभावनेचे म्हणजे एकाग्रतेच्या अभ्यासाचे चार प्रकार दिले आहेत. त्यांतला तिसरा खास सजगतेसाठी आहे. वेदना (इथं दुखणं नव्हे, तर सुखद, दुःखद की दोन्ही नाही अशी जाणीव), संज्ञा (ओळख) आणि वितर्क (विचार) उपजताना माहीत असतात, टिकून असताना माहीत असतात, मावळताना माहीत असतात, असं तिथं म्हटलं आहे. उपजणं बहुतेकांना कळतं, टिकणं कसंबसं कळतं, मावळणं पार हुकतं. चहाचा घोट जिभेवर आला हे समजतं. चव कधी संपली हे समजत नाही, कारण तोवर मन पुढच्या घोटावर किंवा फोनवर गेलेलं असतं. पाली भाष्यकार बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात याचं कारण नेमकं सांगितलं आहे. अनित्यता झाकली जाते ती संततीमुळे, म्हणजे एक गोष्ट संपते न संपते तोच दुसरी तिला येऊन चिकटते आणि सगळं सलग चालल्यासारखं वाटतं. दुःख झाकलं जातं ते इरियापथामुळे, म्हणजे सारखी अंगाची ठेवण बदलत राहिल्यामुळे. अनात्म, म्हणजे टिकाऊ असा ‘मी’ नाही हे, झाकलं जातं ते घनतेमुळे, सुटे भाग एकसंध वाटल्यामुळे. तुमच्या धबडग्यात जी अडचण आहे ती ही संतती.

आता पद्धत. दिवसातलं एकच काम निवडा. ते रोज होणारं हवं, दोन ते पाच मिनिटांत आटोपणारं हवं आणि त्याला ठळक सुरुवात-शेवट हवा. दात घासणं, अंघोळ, चहा पिणं, जिना उतरणं, काहीही चालेल. आठवडाभर तेच काम, मध्ये बदलायचं नाही. सुरू करण्याआधी एक श्वास आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकल्याचं भान. मग काम नेहमीच्याच वेगानं. लक्ष स्पर्शावर, आणि त्यातून उठणारी वेदना सुखद, दुःखद की दोन्ही नाही, एवढ्यावरच.

अंघोळीचं उदाहरण घेऊ. गरम पाण्याचा तांब्या खांद्यावर ओतला की ऊब येते, पाठीवरून खाली उतरते, आणि पाणी निथळलं की त्याच जागी गार वाटायला लागतं. ऊब कुठं संपली आणि गारवा कुठं सुरू झाला एवढंच पकडायचं. दुसरा तांब्या भरायची जी घाई होते ती त्या गारव्यातून उठते. दोन-चार दिवसांत ती घाईसुद्धा वेगळी दिसू लागते. वेदनेतून तृष्णा उपजते हे प्रतीत्यसमुत्पादातलं (कारणांच्या साखळीच्या शिकवणीतलं) वाक्य आपण पाठ म्हणतो. ते इथं न्हाणीघरात उघड दिसतं. मग एकदा तांब्या हातात तसाच धरून तीन श्वास थांबा. गारवा तोच असतो, घाई मात्र ओसरलेली असते.

आलंबनांचा, म्हणजे लक्ष कशावर टेकवायचं त्याचा, क्रमही सांगतो, कारण बरेच जण थेट मनाची अवस्था बघायला जातात आणि तिथं गटांगळ्या खातात. पहिल्या आठवड्यात आवाज. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, रिक्षाचा हॉर्न यांचा शेवट कोरून काढल्यासारखा स्पष्ट असतो, त्यामुळे मनाला शेवट बघायची सवय लागते. नंतर स्पर्श, मग वेदना, आणि चित्त सगळ्यांत शेवटी.

यात दुर्लक्ष होतं ते ना सुखद ना दुःखद अशा वेदनेकडे. वेदनासंयुत्तात (वेदनेवरच्या सुत्तांच्या, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांच्या, संग्रहात) सांगितलं आहे की सुखद वेदनेच्या तळाशी आसक्तीचा अनुशय (सुप्त कल) असतो, दुःखद वेदनेच्या तळाशी प्रतिघाचा (चिडीचा), आणि या तिसरीच्या तळाशी अविद्येचा. दिवसाचा मोठा वाटा तिसरीचाच असतो. फरशी पुसणं, फाइल शोधणं, लिफ्टची वाट पाहणं. फोन हातात येतो तोही नेमका इथं, कारण त्या वेदनेत मनाला धरायला काही मिळत नाही. म्हणून फोनकडे हात गेला की हात तिथंच ठेवून विचारा, आत्ता काय वाटत होतं? उत्तर बहुतेकदा "काहीच नाही" असं येतं. त्या "काहीच नाही"कडे बघायचं आहे.

"अनित्य" शब्दाबद्दल. शेवट दिसल्यावर एकदा म्हणा. आधी म्हटलात तर लक्ष शब्दावर बसतं आणि बघायचं राहून जातं. ब्रह्मदेशातले विपश्यनाचार्य महासी सयाडो यांच्या परंपरेत प्रत्येक घटनेची मनात नोंद करतात, गोयंका गुरुजींच्या, म्हणजे दहा दिवसांच्या शिबिरांच्या, परंपरेत शब्द न वापरता संवेदना बघतात. दोन्ही रीती चालतात. तुमची बैठक दुसऱ्या रीतीची आहे, तर दिवसभरही तीच ठेवा. मिसळ केली की मन कोणती रीत वापरू यातच अडकतं.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. गुडघा दुखतोय आणि मनात "हेही जाईल" चाललं आहे. ही सजगता नव्हे, ही वाट पाहणं आहे, आणि वाट पाहण्यात द्वेष लपलेला असतो. तपासायची खूण अशी: दुखणं गेलं नाही तर चिडचिड होते का? होत असेल तर आपण त्याला बघत नव्हतो, हाकलत होतो. अशा वेळी दुखणं कधी थांबेल हे सोडून ते आत्ता कसं बदलतंय ते बघा. ठणका, मग ओढ, मग क्षणभर काहीच नाही, मग परत ठणका.

किती वेळ, असं विचारलंत. वेलाम सुत्तात चुटकी वाजवण्याएवढ्या वेळाच्या अनित्यसंज्ञेला (अनित्यतेच्या भानाला) दान, शील आणि मैत्रीभावना (सगळ्यांचं भलं चिंतणं) यांच्याही वर ठेवलं आहे. दिवसभर अखंड सजग राहायचा हट्ट धरू नका. पाच शेवट नीट बघितले की त्या दिवसाचं काम झालं.

कमाटीबाग पहाट

वरच्या उत्तरात भर म्हणून चालणं आणि जेवण.

कमाटीबागेत सकाळी चालायला जाणाऱ्यांनी नेहमीची फेरी झाल्यावर १५ मिनिटं वेगळी काढावीत. गर्दीच्या वाटेपासून बाजूला २५-३० पावलांचा सरळ तुकडा शोधा. नजर साधारण दोन मीटर पुढं, मान ताठ पण सैल, हात पुढं किंवा मागं एकमेकांत. टाच उचलली, पाऊल सरकलं, टेकलं, भार आला, एवढंच. टोकाला पोचल्यावर लगेच वळू नका. थांबा, उभं असल्याचं भान येऊ द्या, मग वळायची इच्छा उठलेली बघा, मग वळा. इच्छा आधी आणि हालचाल नंतर, हा क्रम वळणावर जितका स्वच्छ दिसतो तितका सरळ चालताना दिसत नाही.

चुका कोणत्या होतात? पायांकडे बघत चालल्यानं मान आखडते आणि दहा मिनिटांत डोकं जड होतं. पावलं मोजली की मोजणीचा जप होतो. फार हळू चाललं तर तोल सांभाळण्यातच लक्ष जातं; नेहमीपेक्षा किंचित कमी वेग पुरे. कानात गाणी घालून हे होत नाही. उन्हाळ्यात सातच्या आत उरका, नाहीतर सगळा वेळ उन्हाच्या कटकटीत जाईल (ती कटकटही दुःखद वेदनाच, पण सुरुवातीला तिच्यावर अभ्यास नको). चंक्रमणाचे, म्हणजे अशा चालण्याचे, पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत: प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, प्रकृती चांगली राहते, खाल्लेलं पचतं, आणि चालताना लागलेली समाधी बराच काळ टिकते. ताई, पाचवा लाभ तुमच्या प्रश्नाचा आहे. डोळे मिटून मिळवलेली एकाग्रता डोळे उघडताच सांडते. हलत्या अंगात, उघड्या डोळ्यांनी मिळवलेली ऑफिसपर्यंत सोबत येते. म्हणून सकाळच्या बैठकीतली शेवटची दहा मिनिटं चालण्याला द्या. आसनावरून थेट ओट्याकडे जाऊ नका.

जेवणाचं. सगळं जेवण सजगतेनं करायला गेलात तर तीन दिवसांत कंटाळा येईल आणि घरचे वैतागतील. फक्त पहिले तीन घास घ्या. घास तोंडात गेला की हात ताटाच्या कडेला टेकवून ठेवायचा आणि गिळून होईपर्यंत उचलायचा नाही. एवढा एकच नियम. सेव-उसळ समोर असेल तर हे करून बघाच. आधी सेवेचा कुरकुरीतपणा, तो दोन चावांत संपतो. मग वाटाण्याचा मऊपणा, मग तर्रीचा झणका चढतो, नाकात येतो, आणि थोड्या वेळात उतरायला लागतो. आपला हात पुढच्या घासाला उठतो तो झणका चढत असताना. म्हणजे पहिल्याची चव अर्धी सोडून आपण दुसऱ्याच्या मागं लागलेलो असतो, आणि पाव संपले तरी खाल्ल्यासारखं वाटत नाही.

कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर (जुन्या मोठ्या मापानं भरपूर) भाताचं जेवण करून धापा टाकत बुद्धांकडे आला, तेव्हा त्यांनी एक गाथा सांगितली. जो सदा सजग असतो आणि मिळालेल्या अन्नात मात्रा जाणतो, त्याच्या वेदना हलक्या होतात, तो सावकाश जरतो आणि आयुष्य राखतो, असा तिचा आशय. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला नेमलं, आणि हळूहळू तो नाळीभर (त्याहून बऱ्याच लहान मापाच्या) भातावर आला. यातली युक्ती लक्षात घ्या. राजानं स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवला नाही, आठवण बाहेर टांगली. आपणही ताटाखाली एखादा ठरावीक रंगाचा रुमाल ठेवावा, त्यावर नजर गेली की हात टेकवायचा. दर महिन्याला रुमाल बदला, सवयीची वस्तू दिसेनाशी होते.

अकोटा ब्रिज

मला वाटतं, इतक्या बारीक गोष्टींत शिरायची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, यापेक्षा मोठा अनित्यतेचा पाठ कोणता? आणि आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं १९६० ते १९६३ मध्ये शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप खणून काढला. आत करंडक सापडला, त्यावर दशबलाच्या म्हणजे बुद्धांच्या शरीरधातूंचा लेख आहे. करंडक वडोदऱ्यात आला आणि स्तूपाची जागा मेश्वो नदीच्या धरणाच्या पाण्याखाली गेली. जिथं शतकानुशतकं वंदना झाली तिथं आज पाणी आहे. याचं चिंतन केलं तर पुरेसं नाही का?

पालीचा अभ्यासक, फत्तेगंज

चिंतन जरूर करावं, देवनी मोरीची आठवण काढलीत हे फार बरं केलंत. पण मोठ्या घटनेतून मनावर येतो तो धक्का, आणि धक्का काही दिवसांत बुजतो. पूर ओसरल्यावर त्याच भिंतीला नवा रंग लागतो, त्याच जागी तेच कपाट येतं आणि मन पूर्ववत होतं. काहींच्या मनात तर उलट भीती घर करते, आणि पाऊस लागला की जीव खालीवर होतो. सजगतेवरच्या सतिपट्ठान सुत्तात प्रत्येक भागाच्या शेवटी तेच पालुपद येतं, उदयधर्म (उपजणं) बघत राहतो, व्ययधर्म (मावळणं) बघत राहतो, दोन्ही बघत राहतो. "राहतो" हे महत्त्वाचं. वर्षानुवर्षांतून एकदा येणाऱ्या घटनेवर राहता येत नाही. श्वासावर, पावलावर, घासावर राहता येतं.

मरणस्मृतीच्या सुत्तातही हेच आहे. सहा भिक्षू आपापली रीत सांगतात. एक म्हणतो, आणखी एक दिवस-रात्र जगलो तर बुद्धांच्या शिकवणुकीनुसार खूप काही साधेन. दुसरा दिवसाचं बोलतो, तिसरा एका जेवणाचं, चौथा चार-पाच घासांचं. पाचवा म्हणतो एक घास चावून गिळेपर्यंत, सहावा म्हणतो एका श्वास-उच्छ्वासापुरतं. बुद्धांनी अप्रमादी (गाफील न राहणारे) म्हटलं ते शेवटच्या दोघांना. म्हणून मी घासाचा आणि श्वासाचा आग्रह धरतो.

संकल्पभूमी

ताईंचा तिसरा प्रश्न अजून कुणी नीट घेतला नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत गंभीर आहे.

बुद्धांचं शेवटचं वचन सगळ्यांना माहीत आहे: संस्कार (कारणांनी घडलेल्या सगळ्या गोष्टी) व्ययधर्मी आहेत, अप्रमादानं आपलं कार्य साधा. दोन्ही अर्धी एकाच वाक्यात आहेत. पहिलं अर्धं धरून दुसरं सोडलं की जे उरतं ते तुम्ही वर्णन केलेलं, कामातला जीव निघून जाणं. विसुद्धिमग्गात उपेक्षेचा, म्हणजे मनाच्या समतोलाचा, जवळचा शत्रू म्हणून अज्ञानातून आलेली बेपर्वाई सांगितली आहे. जवळचा अशासाठी की ती बाहेरून अगदी उपेक्षेसारखीच दिसते. ओळखायची कशी? समोरच्याला काही दुखतंय हे तुम्हाला आधीपेक्षा लवकर कळतं की उशिरा? लवकर कळत असेल तर ठीक चाललं आहे. उशिरा कळत असेल, मूल दोनदा हाक मारतं आणि तुम्ही "शांत" आहात, तर ती उपेक्षा नाही. अशा वेळी अनित्याचा अभ्यास काही दिवस मागं ठेवा आणि संध्याकाळची दहा मिनिटं मैत्रीभावनेला द्या. आधी स्वतः, मग ज्यांच्याविषयी सहज प्रेम वाटतं ते, मग ज्यांच्याविषयी काहीच वाटत नाही ते (वॉचमन, रिक्षावाला), आणि नकोसा माणूस सगळ्यांत शेवटी. सुरुवातीलाच नकोशा माणसापासून आरंभ केला तर मैत्री नुसती तोंडावर राहते.

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म"मध्ये अनित्यतेच्या तीन बाजू मांडल्या आहेत: अनेक घटकांनी बनलेल्या वस्तूंची अनित्यता, व्यक्तीची अनित्यता, आणि प्रतीत्यसमुत्पन्न (कारणांवर अवलंबून उपजलेल्या) वस्तूंच्या स्वभावाची अनित्यता. सगळं जर कायम आणि न बदलणारं असतं तर जीवनाची वाढच खुंटली असती, हेही ते सांगतात. याच शहरात, याच कमाटीबागेत, सप्टेंबर १९१७ मध्ये राहायला जागा न मिळालेले बाबासाहेब झाडाखाली बसले होते. जातीची घडी हीसुद्धा कारणांनी बनलेली आहे आणि कारणं मोडली तर मोडते, या समजुतीतून माणूस कामाला लागतो. अनित्य कळल्यावर हातपाय गळत असतील तर समजण्यात कुठंतरी चूक आहे.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे व्यक्तीच्या अनित्यतेचा, घरात रोज उपयोग होतो. "ती तशीच आहे", "साहेबांना कधी कळणारच नाही", "हा मुलगा मुळात आळशी" ही सगळी नित्यसंज्ञेची वाक्यं आहेत. अनित्यात नित्य बघणं हा चार विपर्यासांमधला (उलट्या समजांमधला) पहिला. करायचं एवढंच की असं वाक्य मनात आलं की त्यात वेळ घाला. "आज सकाळी तिनं असं केलं." वाक्य खरं होतं आणि मापाचंही. मग बोलण्याची वेळ आली तरी बोलणं त्या कृतीपुरतं राहतं, माणसाच्या मुळावर जात नाही.

मांडवी, वडोदरा

सगळ्यांचे मनापासून आभार. हात टेकवायचा नियम आजपासून. संतापाचं मात्र राहिलं. आणि स्वयंपाकात एका वेळी तीन शेगड्या चालू असताना कुठल्या शेगडीकडे सजग राहायचं?

कमाटीबाग पहाट

स्वयंपाकाचं आधी. तीन शेगड्या चालू असताना सजगता म्हणजे तिन्हींची खबर असणं. तिथं श्वासावर लक्ष नेऊन एका कोपऱ्यात मन बसवलंत तर दूध उतू जाईल आणि बोट भाजेल. सुत्तात या अंगाला संपजञ्ञ म्हटलं आहे: पुढं जाताना, मागं येताना, इकडं तिकडं बघताना, हातपाय आखडताना-पसरताना, खाताना, पिताना, अगदी मलमूत्र विसर्जन करतानाही काय करतोय याचं पूर्ण भान. वाकवणं, पसरणं, वळणं ही यादी ओट्यापाशी जशीच्या तशी लागू आहे. गॅसची कळ फिरवताना बोटांचा स्पर्श, मोहरी तडतडायची थांबली तो क्षण (फोडणीत जिरं-हिंग टाकायची वेळही तीच, म्हणजे सजगतेनं स्वयंपाकही बिघडत नाही), झाकण ठेवल्याचा आवाज संपणं. असे सांधे पकडा, मधला वेळ कामाला द्या.

पालीचा अभ्यासक, फत्तेगंज

संतापात आधी सजगता का येत नाही? कारण आपण ती शब्दांच्या पातळीवर शोधतो, आणि शब्द या साखळीत फार उशिरा येतात. आधी स्पर्श (कानावर पडलेला सूर), मग दुःखद वेदना, मग ती नको म्हणणारी तृष्णा, मग उपादान (घट्ट धरून बसणं), आणि मग तोंड. वेदना अंगात उमटते. कुणाची कानशिलं तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाच्या पोटात गोळा येतो, श्वास तर सगळ्यांचाच छातीत वर वर चालतो. तुमची खूण कोणती ते आधी शोधून ठेवा.

शोधायची ती भांडणात नाही. हात पिठात असताना बेल वाजते, नेट अडकतं, रांगेत कुणी पुढं घुसतं, अशा बारक्या कुरबुरींत शोधा. तिथं ती खूण उठलेली आणि मावळलेली पन्नास वेळा बघितली तर मोठ्या प्रसंगात एखाद्या वेळी वेळेवर दिसेल. थेट मोठ्या भांडणात अभ्यास करायला जाणं हेच बहुतेकांचं चुकतं, आणि मग "मला जमत नाही" असा निष्कर्ष निघतो.

प्रत्यक्ष प्रसंगात एकच गोष्ट करा. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐका, आणि शेवटचा शब्द थांबल्याचं भान आल्यावरच तोंड उघडा. आवाजाचा शेवट बघायची सवय पहिल्या आठवड्यात लावायला सांगितली ती यासाठीही. जमलं नाही आणि बोलून गेलात, तर बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला दिलेला उपदेश वापरा. काया, वाचा, मन यांचं कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासावं, असं त्यात आहे. तिसरा टप्पा अजून हातात असतो. वाचेनं चूक झाली असेल तर ती जाणत्या माणसापुढं उघड करावी आणि पुढं संयम ठेवावा, असं सुत्त सांगतं. रात्रभर स्वतःला कोसत बसणं त्यात कुठंही नाही. तो कुक्कुच्च (पश्चात्तापाची तगमग), पाच नीवरणांपैकी (मनाच्या अडथळ्यांपैकी) उद्धच्च-कुक्कुच्च या एकाचा भाग. घरच्या माणसाला "मघाशी माझं बोलणं कडू गेलं" असं सरळ सांगितलं की दुसऱ्या दिवशीची बैठकही हलकी जाते.

वारसिया

थोडा वेगळा प्रश्न. घरात मृत्यू झाल्यावर भेटायला येणारे "अनिच्चा वत संखारा" (संस्कार खरोखर अनित्य आहेत) ही गाथा ऐकवून जातात. ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांना हे आवडत नाही. अशा वेळी अनित्यतेची गोष्ट काढावी का?

संकल्पभूमी

वंदनेत गाथा म्हणणं वेगळं, आणि रडणाऱ्याला ती उत्तरासारखी ऐकवणं वेगळं. बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात त्यांचा सेवक शिष्य आनंद हा विहारात दाराला टेकून रडत होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. प्रियांचा वियोग होतोच हे आपण आधीच सांगितलं आहे, याची आठवण दिली, आणि लगेच त्यानं काया-वाचा-मनानं दीर्घकाळ केलेल्या मैत्रीपूर्ण सेवेची प्रशंसा केली. ती प्रशंसा आपण नेहमी गाळतो. शिवाय आनंदानं ती शिकवण वर्षानुवर्षं ऐकलेली होती. म्हणून दुखवट्याला जाल तेव्हा गेलेल्या माणसाच्या आणि त्याची सेवा करणाऱ्याच्या चांगल्या गोष्टी बोला, डबा पोचवा, दाखल्याची, बँकेची कामं वाटून घ्या.

स्वतःसाठी मात्र अंगुत्तर निकायातली पाच प्रत्यवेक्षणं (वारंवार करायची चिंतनं) रोज म्हणावीत: म्हातारपण टळणार नाही, आजार टळणार नाही, मरण टळणार नाही, सगळ्या प्रियांचा वियोग होणार, आणि मी माझ्या कर्मांचा धनी आहे. स्त्री, पुरुष, गृहस्थ, प्रव्रजित, सगळ्यांनी म्हणावीत असं तिथं स्पष्ट आहे, आणि पहिली तीन अनुक्रमे तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा मद उतरवण्यासाठी आहेत हेही सांगितलं आहे. घर नुकतंच दुःखात असेल किंवा म्हणताना छाती धडधडत असेल, तर तिसरं आणि चौथं काही महिने बाजूला ठेवा, डोळे उघडे ठेवून पायांच्या स्पर्शावर राहा. उदासीची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. अभ्यास औषधाच्या जागी येत नाही.

अकोटा ब्रिज

बारीक गोष्टींचं पटतंय. संध्याकाळी बैठकीत डुलकी येते, त्यावर काही? आणि स्कूटरवर हे करता येतं का?

पालीचा अभ्यासक, फत्तेगंज

बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांना हीच अडचण आली होती आणि बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले. ज्या आलंबनावर झोप येते ते सोडा, ऐकलेल्या धम्माचा विचार करा, पाठांतर मोठ्यानं म्हणा, कान ओढा, हातपाय चोळा, उठून डोळ्यांवर पाणी मारा आणि आकाशाकडे, ताऱ्यांकडे बघा, मनात उजेडाची कल्पना करा, चाला, आणि तरीही झोप हटली नाही तर उजव्या कुशीवर, उठायची वेळ मनात धरून, सरळ झोपा. शेवटचा उपाय लाज न बाळगता वापरा. दिवसभराच्या कामानं थकलेल्या माणसाची संध्याकाळची डुलकी पुष्कळदा नीवरण नसून निव्वळ अपुरी झोप असते. बैठक जेवणाच्या आधी घ्या, निम्मी अडचण तिथंच सुटते.

स्कूटरवर श्वास किंवा संवेदना बघू नका. तिथं आलंबन रस्ता, आरसा आणि ब्रेकवरची बोटं. सिग्नलला गाडी थांबली की दोन्ही पाय टेकवून एक श्वास घेता येतो. दिवा हिरवा झाला आणि मागून हॉर्न वाजला की त्या हॉर्नचा शेवट ऐकायचा, आणि निघायचं.